खोऱ्याचा दात

संयोगिता गावडेच्या ओसरीवर पाहुण्यांची पंगत बसली की पहिला घास घेण्याआधी सगळे खाली वाकायचे. देवासाठी नव्हे हो! ताटाखालचा पाट हिरवा झाला की नाही ते बघायला. हिरवा झाला की फोटो, फोटो झाला की घास. तोवर आमटी गार झाली तरी कुणाची तक्रार नसायची.

त्या पाटाला ठसापाट म्हणायचे, आणि चंदगडच्या डोंगरातल्या उंबरखोऱ्याच्या अकरा गावांचं नशीब त्यानंच पालटलं होतं. वीस वर्षांपूर्वी तिथं शाळेला पोरं नव्हती आणि घरांना कुलपं होती. आता एकशे चाळीस घरांत पंगती उठत होत्या. बेळगाव, पुणे, बंगळूर, आणि दिवाळीनंतर तर जर्मनीहूनसुद्धा लोक येत, मांडी घालता येत नसली तरी घालून बसत.

यातलं शास्त्र कळायला अवघड नाही. उंबरखोऱ्याच्या बुडाशी काळा खडक आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पूर्वेची खिंड ओलांडली की तो संपतो आणि तांबूस वाळूचा दगड लागतो. तो फार म्हातारा, शंभर कोटी वर्षांच्याही पलीकडचा. दोन्ही खडकांत स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य आहे, कॅल्शियमचं सावत्र भावंडच म्हणा. झाडाच्या मुळांना दोघांतला फरक कळत नाही, ती दोघांनाही आत घेतात. या स्ट्रॉन्शियमचे काही अणू जड असतात, काही हलके. म्हाताऱ्या खडकात जड जास्त, तरुण खडकात कमी. हे प्रमाण मातीतून दाण्यात उतरतं आणि मग काही केल्या बदलत नाही. दाणा भरडा, शिजवा, तळा, तो आपल्या खडकाचं नाव सांगतोच. ठसापाट प्रकाशाची बारीक सुई ताटातल्या शितांवरून फिरवायचा आणि ते नाव वाचायचा. एकसुद्धा शीत परक्या मातीचं निघालं तर पाट लाल.

म्हणून खोऱ्यात तांदूळ खोऱ्याचा, गिरणी खोऱ्याची, घाण्याचं तेल, गूळ, दूध, मिरची, सगळं अकरा गावांच्या आतलं. मीठ तेवढं समुद्राचं, त्याला पंगतीवाल्या घरांच्या सोसायटीनं सवलत दिली होती. शेतकरी, गिरणीवाला, दुधाच्या किटल्या पोचवणारा, पंगत वाढणारी, सगळे एकमेकांत गुंफलेले. एकाचं ताट बंद पडलं तर दहा जणांच्या चुलीला त्याची झळ लागायची.

इथवर सगळं छानच होतं. पण माणूस कुठं थांबतो? पाहुणे विचारू लागले, अन्न इथलं, पण वाढणारी बाई इथली का? मग सोसायटीनं दातठसा काढला. दाताचं कवच एकदा घडलं की जन्मभर तेच राहतं. ते ज्या अन्नावर घडलं त्याची खूण त्यात कायमची बसते. नियम झाला की पंगतीच्या घराला वारस हवा तर त्याच्या तोंडात खोऱ्याचा दात हवा. पोर सहा वर्षांचं झालं, दुधाचा पहिला दात पडला की सोसायटीत आणून दाखवायचा. वारस नसला तर घरमालकीण सत्तरीची झाली की घराचं ताट दुसऱ्याला.

संयोगिता साठीची होती. नवरा वारल्यापासून तिनं एकटीनं हे घर नावारूपाला आणलं होतं. मुलगी एकच, शर्वरी. तिच्या तोंडात खोऱ्याचा दात होता, पण डोक्यात खोरं नव्हतं. "लोकांनी माझ्या तोंडाचे फोटो काढायचे आणि मी हसायचं? मला नाही जमणार," असं सांगून तिनं खिंडीपलीकडच्या रानमळ्यातल्या अक्षयशी लग्न केलं आणि तिथल्या शाळेत शिकवू लागली. अंतर चौदा किलोमीटर, आणि खडकाच्या वयानं बघितलं तर मोजता येणार नाही इतकं.

शर्वरीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा संयोगितेनं आनंदाआधी हिशेब केला. पोटातल्या बाळाचे पुढचे दुधाचे दात चौथ्या महिन्यापासून घडायला लागतात. आई जे खाते त्यातलं कॅल्शियम, आणि त्यासोबत ते सावत्र भावंड, बाळाच्या हिरडीत जाऊन बसतं. पहिलं बाळंतपण माहेरीच करतात, त्यासाठी मुलगी सातव्यात येते. संयोगितेनं तिला चौथा लागताच आणली.

"एवढ्या लवकर कशाला गं आई?"

"विश्रांती मिळते. सासरी काय, उठायचं आणि राबायचं."

शर्वरी चार दिवसांतच समजली. कारण आई तिचं ताटसुद्धा ठसापाटावर ठेवत होती. सकाळची भाकरी, चहातलं दूध, तोंडात टाकायची सुपारी, सगळं. अक्षय रविवारी भेटायला यायचा तर त्याच्या खिशातली चॉकलेटं खिंडीतल्या तपासणी नाक्यावरच काढून घ्यायचे, आणि तिथून सुटलेलं एखादं संयोगिता घरात पकडायची.

पाचव्यात शर्वरीला डोहाळे लागले, आणि लागले ते नेमके सासूबाईंच्या रताळ्यांचे. रानमळ्याच्या वाळूत रताळी अशी गोड होतात की भाजताना साल फुटून पाक गळतो.

"आपल्यातली रताळी खा की," संयोगिता म्हणाली.

"आपल्यातली काळ्या मातीतली. पाणचट लागतात."

"मग गूळ लावून खा."

"आई, डोहाळे आहेत ते! एक रताळं मागतेय मी. एक."

"आणि त्या एका रताळ्यानं दातावर ठसा उमटला तर? सहा वर्षांनी सोसायटीत मी काय तोंड दाखवू?"

"तुझं तोंड आणि माझ्या बाळाचे दात," शर्वरी म्हणाली आणि ताट सारून उठली. संयोगितेला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तिनं स्वतःच्या हातानं गूळपोळी केली, पाटावर ठेवली, हिरवं बघितलं आणि मग लेकीच्या खोलीत नेऊन ठेवली. ती संध्याकाळपर्यंत तशीच पडून होती.

सातव्या महिन्यात ताराबाई, म्हणजे अक्षयची आई, सुनेची ओटी भरायला आल्या. सोसायटीच्या नाक्यावर पाहुण्यांच्या पिशव्या उलट्या करून झटकत. पण ओटीच्या ताटाला कोण हात लावणार? नाक्यावरच्या माणसानं उलट हात जोडले.

शर्वरी हिरव्या साडीत पाटावर बसली. ताराबाईंनी तिला कुंकू लावलं, तिच्या पदरात नारळ, खण आणि ओंजळभर तांदूळ घातले, आणि खणाखालून हळूच पाच रताळी सरकवली. "खा गं माझ्या बाई," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. "लेकराचा जीव मागतोय, त्याला न्हाई म्हणू नये."

संयोगितेनं सगळं बघितलं. विहिणीसमोर ती हसत राहिली, चहा दिला, जीप वळणापलीकडे जाईपर्यंत हात हलवला. मग आत येऊन लेकीच्या पदरातली रताळी एकेक करून उचलली आणि न्हाणीच्या चुलीत, पेटत्या लाकडांखाली टाकली.

जळायच्या आधी ती भाजली जाणारच. दहा मिनिटांत घरभर वास सुटला. शर्वरी न्हाणीच्या उंबऱ्यात येऊन बसली, पोटावर हात ठेवून, आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. "आई, निदान लवकर तरी जाळ गं!" संयोगितेनं चिमट्यानं निखारे वर ओढले आणि सगळ्यांचा कोळसा होईपर्यंत तिथून हलली नाही.

मग ती लेकीला उठवून पुन्हा आत घेऊन गेली. लेकीच्या पदरातला तांदूळ तिनं ओंजळीत घेतला, कपाळाला लावला आणि घरातल्या कणगीत ओतला. कणगी आता स्टीलची होती, पण रीत तिच्या आजेसासूपासूनची होती. गरोदर लेकीच्या ओटीतला तांदूळ घरच्या कणगीत घालायचा, म्हणजे लेकीची कूस आणि घरची कणगी दोन्ही भरलेली राहतात. चार महिने जिनं लेकीची सुपारीसुद्धा तपासली, त्या बाईच्या मनातही आलं नाही की आपण काय करतोय. ओटीचा तांदूळ तिच्या लेखी अन्न नव्हताच, तो आशीर्वाद होता. आशीर्वाद कुठल्या खडकावर पिकला हे कुणी विचारतं का?

नवव्या दिवशी दुपारच्या पंगतीत पुण्याच्या एका बाईचा पाट लाल झाला.

ती बाई साप दिसल्यासारखी किंचाळली. बाकीच्यांनी आपापले घास ताटात परत टाकले. तासाभरात सोसायटीचे चेअरमन प्रमोद देसाई तपासनिसाला घेऊन दारात हजर झाले, आणि कणगीतून खिंडीपलीकडचे दाणे निघाले. त्याच संध्याकाळी खोऱ्याचा शिक्का, म्हणजे पंगती मांडायचा परवाना, गोठला. भेसळ कुठून झाली याचा निकाल लागेपर्यंत एकशे चाळीस घरांची ताटं बंद. ऐन हंगामात आलेले पाहुणे बॅगा भरून निघून गेले.

संयोगितेला दाणे बघताक्षणीच उमजलं होतं. पण तपासनिसाला तिनं तसं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्या अंगणात कुणीतरी दुधाच्या भरल्या किटल्या आडव्या करून गेलं. गिरणीवाल्यानं तिला बघून पट्टा बंद केला. शेजारची सुमन, जिच्या मुलीच्या लग्नात संयोगितेनं चार दिवस राबून स्वयंपाक केला होता, ती पाणवठ्यावर मोठ्यानं म्हणाली, "एकीच्या घाणीत अकरा गावं बुडाली."

चौथ्या दिवशी चेअरमन एकटेच आले. चहा नको म्हणाले. पंगत बंद असलेल्या घरात चहा घ्यायचा नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

"वहिनी, नियम तुम्हाला पाठच आहे. घरमालकिणीच्या हातून चूक झाली असेल तर त्या घराचं ताट कायमचं बंद. दुसऱ्या कुणी जाणूनबुजून भेसळ केली असेल तर त्या माणसाला बारा वर्षं खोऱ्याची बंदी, घर मात्र सुरक्षित."

"हो."

"तुमच्या हातून चूक होईल असं मला तरी वाटत नाही." त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. "घरात खिंडीपलीकडचं कोण राहतंय, एवढंच आठवा. उद्या शाळेत सभा आहे."

संयोगिता विचार करत बसली, आणि तिचा विचार मोठा पद्धतशीर होता. खरं सांगितलं तर घर गेलं, वारस असो वा नसो. शर्वरीचं नाव सांगितलं तर ती नाहीतरी सासरीच जायची आहे, तीन-चार महिने आधी जाईल. आणि बाळ? आठवा लागलाय. पुढचे दात तर खोऱ्यावर घडूनच गेलेत. बंदी आईला आहे, बाळाला नाही. सहा वर्षांनी दात दाखवायचा, ठसा हिरवा, नातवंड वारस. म्हणजे घरही राहतं आणि नातवंडही मिळतं. तिला हा हिशेब इतका पटला की त्या रात्री ती शांत झोपली. पाच दिवसांत पहिल्यांदाच!

सभेला शाळेची खोली भरून माणसं बाहेर कठड्यावर बसली होती. शर्वरीला पुढच्या बाकावर बसवलं. बाक लहान पोरांचा, तिचं पोट त्यात मावेना, म्हणून ती कडेला पाय सोडून बसली.

"कणगीत परका तांदूळ कुणी घातला?" चेअरमननी विचारलं.

"माझ्या मुलीनं," संयोगिता म्हणाली. आवाज कापला नाही. "सासरचा तांदूळ होता. मी नको म्हटलेलं तिला खायचं होतं, त्याचा राग काढला."

खोलीत कुजबुज उठली. सुमन रडायला लागली, हायसं वाटून. चेअरमननी शर्वरीला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?"

शर्वरीनं आईकडे नीट बघून घेतलं. "नाही," ती म्हणाली.

सोसायटीच्या गाडीनं त्याच दुपारी तिला नाक्यापर्यंत सोडलं. पलीकडे अक्षय जीप घेऊन उभा होता. संयोगिता मागून चालत आली होती, धापा टाकत, हातात मेथीच्या लाडवांचा डबा.

"शरू, बारा वर्षं काय, बघता बघता जातील. आणि बाळाला बंदी नाही, मी विचारून घेतलंय."

"आई, तू ओटीचा तांदूळ कणगीत घातलास तेव्हा मी मागेच उभी होते."

"मग सभेत बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर घर गेलं असतं, आणि तू ते जन्मभर माझ्या बाळाच्या माथी मारलं असतंस. त्यापेक्षा बंदी बरी. बारा वर्षं तुला मला इथं आणून माझं ताट तपासता येणार नाही." ती जीपमध्ये चढली. डबा तिनं घेतला नाही.

तुम्हाला वाटेल, इथं संपलं. संपलं असतं तर संयोगितेवर दयाच झाली असती.

शिक्का पंधरा दिवसांत परत मिळाला, आणि चेअरमन हे दूरदृष्टीचे गृहस्थ. त्यांनी ओळखलं की पाहुण्यांना नुसतं हिरवं ताट आता पुरत नाही, त्यांना ताटासोबत गोष्ट हवी. सोसायटीच्या जाहिरातीत संयोगितेच्या घराचा फोटो आला. खाली ओळ होती, एका परक्या दाण्यासाठी पोटची लेक दूर करणारी माउली. आठवडाभरात तिच्या घरच्या पंगती दुप्पट झाल्या. गिरणीवाला पट्टा थांबवून तिला आधी दळून देऊ लागला. सुमन तिच्या पाया पडली.

"काकू, ती गोष्ट सांगा ना," पाहुणे म्हणायचे. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. संयोगिता भात वाढता वाढता सांगायची. रताळ्यांचं सांगायची, सभेचं सांगायची. लेकीनं तांदूळ घातला, हे सांगताना सुरुवातीला जीभ अडखळायची. मग अडखळेनाशी झाली. महिन्याभरात तिला कुठं थांबलं की लोक डोळे पुसतात तेही कळायला लागलं, आणि ती तिथं थांबू लागली.

रानमळ्यातून काही खबर नव्हती. शर्वरीचा फोन लागत नव्हता. नववा सरला, दिवस भरून गेले. संयोगिता बोटांवर मोजायची आणि पुढच्या पंगतीची भाजी निवडायला बसायची.

एक दिवस दुपारच्या पंगतीत, शेवटच्या पाटावर, ताराबाई बसलेल्या दिसल्या. रीतसर पाहुणी म्हणून आल्या होत्या. बंदी फक्त सुनेला होती.

"सांगा की काकू, गोष्ट," कोपऱ्यातला एक तरुण म्हणाला.

संयोगितेनं विहिणीकडे बघितलं. ताराबाई भात कालवत होत्या. "सांगा," त्याही म्हणाल्या. "मलाबी ऐकायचीय."

आणि काय सांगू, तिनं सांगितली! पहिल्यापासून शेवटपर्यंत, थांबायच्या जागी थांबून. ताराबाईंनी ताट स्वच्छ केलं, पाणी प्यायल्या आणि पदराला हात पुसले.

"नातू झालाय," त्या म्हणाल्या. "आज बाविसावा दिवस. शरूला लई त्रास झाला, आता बरी हाय. तुम्हांला कळावं म्हणून आले. नाव इचारू नका, तिनं सांगू नको म्हटलंय."

संयोगितेच्या हातातला भाताचा डाव ताटात पडला आणि ती मटकन खाली बसली. तोंडावर पदर घेऊन ती रडू लागली. खरं रडणं होतं हो, हुंदके आवरत नव्हते. मग त्या तरुणानं टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांनीच वाजवल्या. एकीनं उठून दोघी विहिणींचा फोटो काढला. ताराबाई चपला घालून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चेअरमन आले. आता ते चहा घ्यायचे, दोन कप.

"वहिनी, कालचं ऐकलं. लोक भारावून गेलेत अगदी! विहीणबाईंना रोज यायला जमेल का? रोज नाही तर शनिवार-रविवार. तेवढं विचारून बघा."

संयोगितेनं मान हलवली. ताराबाई येत राहिल्या तर नातवाची खबर तरी कळेल, हे तिच्या मनात आलं आणि तिला तेवढ्यानंच बरं वाटलं. चेअरमन गेल्यावर तिनं ताराबाईंचा नंबर लावला.

फोन शर्वरीनं उचलला.

"हॅलो."

"मी गं. आई."

फोन बंद झाला नाही. मागे बाळ रडत होतं, बारीक, चिरका आवाज, श्वास तुटेपर्यंत. बोलायचं तर केवढं होतं! पण बोलायला तोंड उघडलं तेव्हा जे रोज जिभेवर तयार असायचं तेच बाहेर आलं. "शरू, तुझ्या सासूबाई आहेत का? चेअरमन विचारतायत, शनिवार-रविवार पंगतीला आल्या तर. लोकांना फार आवडलं काल."

बाळ रडतच होतं.

"आई," ती शेवटी म्हणाली, "तुझं नाव बघूनच मी फोन उचलला. म्हटलं, बघू तरी, आधी काय विचारतेस."

आणि तिनं फोन ठेवला. संयोगितेनं पुन्हा लावला, पुन्हा लावला, मग नंबर लागेनासाच झाला. अंगणात पहिली गाडी येऊन थांबली होती आणि पाहुणे पाय धुवायला पाणी मागत होते. चेअरमनना विहीण येत नाही म्हणून काय सांगायचं, याचा विचार करत ती उठली आणि पाट मांडायला लागली.